उघड्यावरचा रांजण

नागपुरात पाणी तापवावे लागते, हे वाक्य बाहेरच्या माणसाला विनोदासारखे वाटते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणारे शहर एवढीच या गावाची ओळख सगळीकडे पसरलेली असल्यामुळे, २०१८ च्या डिसेंबरअखेरीस इथले किमान तापमान ३.५ अंशांवर उतरले होते, हे सांगितले तरी लोक आपल्याकडे अविश्वासाने पाहतात. हिवाळी अधिवेशनाच्या निमित्ताने मुंबईहून येणारी मंडळी दरवर्षी एकेका पातळ सदऱ्यावर उतरतात आणि दुसऱ्या दिवशी सीताबर्डीवर स्वेटर शोधत फिरतात. आमच्या शेतघरावर येणारे पाहुणेही बहुधा याच जातीचे. त्यांच्या पिशवीत पोहण्याचे कपडे असतात, शाल नसते.

काटोल रस्त्याला, शहरापासून तासाभराच्या आत, आमची थोडी जमीन आहे. मुले लहान असताना तिथे दोन खोल्या बांधल्या, मग त्या चार झाल्या आणि मुलांच्या हट्टापायी १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल असा पोहण्याचा टँक झाला. (मराठीत त्याला तलाव म्हणावे हे मला मान्य आहे; पण नागपूरकराला तलाव म्हटले की फुटाळा किंवा अंबाझरी आठवतो, त्यामुळे आमच्याकडे सगळे टँकच म्हणतात.) टँक पुरा होईपर्यंत मुले शिक्षणासाठी बाहेर गेली. रिकाम्या घराला वाळवी लागण्यापेक्षा माणसे लागलेली बरी, असे म्हणून आम्ही ते सुटीसाठी भाड्याने द्यायला लागलो. हुरड्याचे दिवस सुरू झाले की आमच्याकडची मागणी सर्वांत जास्त, आणि नेमके तेव्हाच टँकमधले पाणी सर्वांत थंड.

पहिल्या डिसेंबरात आलेल्या एका कुटुंबातली सात-आठ वर्षांची मुलगी माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. हाताला फुगवलेल्या नारिंगी पट्ट्या बांधून ती सकाळी नऊ वाजता धावत आली, पायरीवर बसली, पाण्यात पायाचा अंगठा घातला आणि तो जिभेला तिखट लागल्यासारखा ओढून घेतला. रडली नाही. आईकडे पाहून एवढेच म्हणाली, की हे पाणी फ्रिजमधले आहे. पाणी तेव्हा १९ अंश होते. स्पर्धेच्या तलावातले पाणी २५ ते २८ अंशांच्या दरम्यान ठेवतात आणि लहान मुलांना त्याहूनही ऊब लागते, हे मला नंतर कळले. त्या दिवशी मला फक्त त्या अंगठ्याची लाज वाटली. पाहुण्यांनी टँकपुरते पैसे परत मागितले आणि आम्ही ते मुकाट्याने दिले.

त्या रात्री मला आमच्या आजोळची विहीर आठवत राहिली. तिथे हिवाळ्यात पहाटे विहिरीतून वाफा निघत, आणि मामेभाऊ काकडत काठावर उभे राहून धडाधड उड्या मारत, कारण खरी थंडी काठावर होती, पाण्यात नव्हती. जमिनीखालचे पाणी वर्षभराच्या सरासरी तापमानाला धरून राहते, आणि आपल्याकडे ती सरासरी २७ अंशांच्या आसपास येते. म्हणून मे महिन्यात विहीर गार वाटते आणि जानेवारीत कोमट. हे यजमानांना सांगताच त्यांनी उत्साहाने उपाय काढला, की पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी टँक रिकामा करून बोअरच्या ताज्या पाण्याने भरावा. कल्पना चुकीची नव्हती. पण ६०,००० लिटर पाणी दर शनिवारी शेतात सोडून द्यायचे आणि तेवढेच पुन्हा उपसायचे, तेही संत्र्याच्या पट्ट्यात, जिथे बोअर दरवर्षी खोल न्यावी लागते आणि उन्हाळ्यात बागा टँकरवर जगवाव्या लागतात, हे मला शेजाऱ्यांसमोर करवले नसते. तो विषय तिथेच संपला.

मग हिशोबाला बसलो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटात अशा ८६० किलोकॅलरी असतात. म्हणजे आमचा टँक एक अंशाने वर न्यायला ७० युनिट उष्णता हवी. २० अंशांवरून २८ अंशांवर न्यायचा तर ५६० युनिट. साध्या कॉइलच्या हीटरने, युनिटचा दर बारा रुपये धरला तरी, एकदा पाणी तापवण्याचे पावणेसात हजार रुपये. घरातल्या गिझरच्या हिशोबाने विचार करणाऱ्या माणसाला हे आकडे पाहून घाम फुटतो, आणि डिसेंबरात घाम फुटण्याचा तेवढा एकच मार्ग आमच्याकडे उरला होता.

म्हणून हीट पंप घेतला. हे यंत्र म्हणजे उलटा बसवलेला एसी समजावा. ते वीज जाळून उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात आणून सोडते, आणि त्या हमालीपुरतीच वीज घेते. त्यामुळे एका युनिटाच्या विजेत चार-पाच युनिट उष्णता पदरात पडते. विकणाऱ्याने २० किलोवॉट उष्णता देणारे यंत्र सुचवले आणि बारा तासांत पाणी तयार होईल, असे छातीवर हात ठेवून सांगितले. तेव्हाच कागद-पेन्सिल घेतली असती तर बारा तासांचे २४० युनिट होतात आणि त्यात पाणी फार तर साडेतीन अंश चढते, हे समजले असते. पण सात युनिटांच्या फरकासाठी वीज बिल घेऊन भांडणारी माणसे मोठी खरेदी करताना कशी गप्प बसतात, हे मी स्वतःवरून सांगू शकते.

यंत्र आले, आणि आम्ही ते रात्री चालवू लागलो. पाहुण्यांना सकाळी पोहायचे असते, म्हणजे पाणी सकाळी गरम हवे, म्हणजे रात्री तापवले पाहिजे. अंघोळीचे पाणी पहाटे बंबात तापवणाऱ्या घरात वाढलेल्या मला यात काही वावगे दिसले नाही. शिवाय पाणी हलते राहिले की सगळीकडे सारखे तापेल, असे वाटून आम्ही टँकच्या कडेचा धबधबाही रात्रभर चालू ठेवायचो. काळ्या दगडांवरून निळ्या दिव्यांच्या उजेडात पाणी खाली पडते, त्याचे फोटो पाहुणे सर्वांत जास्त काढतात. संध्याकाळी तरंगता थर्मामीटर २४ अंश दाखवायचा. रात्रभर यंत्र घरघरत राहायचे. सकाळी सहाला मी चप्पल सरकावून पाहायला जायचे, तर २४ अंशच. त्या महिन्यात एकट्या यंत्राने दीड हजार युनिट खाल्ले आणि पाणी २४ च्या वर म्हणून गेले नाही. यंत्रच सदोष आहे, असे आम्ही विकणाऱ्याला ऐकवले. त्याने माणूस पाठवला, माणसाने झाकण उघडले, बंद केले आणि सगळे ठीक आहे म्हणून सांगितले. दुर्दैवाने ते खरे होते.

शेतावर राहून राखण करणाऱ्या गृहस्थांना आम्ही सगळे मामा म्हणतो. उन्हाळ्यात ते आसपासच्या वस्त्यांत कूलर दुरुस्तीची कामे करतात. ताट्या बदलणे, टुल्लू पंप साफ करणे, पत्र्याला रंग देणे. एका सकाळी मी थर्मामीटर हातात धरून उभी असताना ते चहाचा पेला घेऊन शेजारी आले, धबधब्याकडे थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “बाई, कूलर चालू ठेवून वरतून शेगडी पेटवून रायले न जी तुमी.”

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी पेल्याने धबधब्याचे दगड दाखवले. “हे ताटी. वरतून पाणी सोडलं, हवा लागली, झालं थंड. मी तर मे महिन्यात याचेच पैसे घेतो.”

आम्ही नागपूरकर बाष्पीभवनावर जगणारी माणसे आहोत. वाळ्याची ताटी, अंगणातला रांजण, ओला पंचा गुंडाळलेली पाण्याची बाटली आणि घरोघरच्या खिडकीला टेकलेला पत्र्याचा कूलर, हे सगळे एकाच तत्त्वावर चालते: पाणी उडून जाताना उष्णता सोबत घेऊन जाते. इथली हवा कोरडी म्हणून कूलर चालतो, मुंबईत तो चालत नाही, हे आमच्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. आणि तरीही अंगणात ५० चौरस मीटरचा उघडा रांजण ठेवून, त्याच्यावर रात्रभर पाण्याची धार सोडून, तो थंड का होतो म्हणून मी यंत्राला दोष देत होते. थंडीत हवा कोरडी असते, हे ओठ फुटले की मला कळत होते. टँकच्या बाबतीत मात्र ते सुचले नाही.

त्यानंतर मी मोजमाप केले. एका रात्री यंत्र बंद ठेवून धबधबा चालू ठेवला: सकाळपर्यंत पाणी २४ वरून साडेएकवीसवर उतरले. टाइलवर पेन्सिलची रेघ मारून स्टीलच्या पट्टीने पाहिले, तर पातळी अडीच मिलिमीटर खाली गेली होती. अडीच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण एवढ्या पृष्ठभागावरचा एक मिलिमीटर म्हणजे ५० लिटर पाणी, आणि ५० लिटर पाण्याची वाफ होताना ती जवळजवळ ३४ युनिट उष्णता घेऊन जाते. म्हणजे दर मिलिमीटरला साऱ्या टँकमधले तापमान अर्ध्या अंशाने घसरते. अडीच अंशांचा अर्धा उतार एकट्या बाष्पीभवनाचा होता. उरलेली उष्णता थंड हवेने आणि उघड्या, निरभ्र आकाशाने ओढून घेतली. ढगाळ रात्री थंडी कमी पडते आणि चांदणे टिपूर असले की कडाका वाढतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. टँकलाही तोच नियम लागू पडतो.

विजेचा दुसरा तोटा यंत्राच्या वेळेत होता. हवेतली उष्णता उचलणारे यंत्र, हवेत उष्णता असते तेव्हा चालवावे, हे इतके उघड आहे की लिहिताना संकोच होतो. नागपूरच्या हिवाळ्याची एक गंमत अशी, की पहाटे १० अंश असलेली हवा दुपारी २८ अंशांवर जाते. दुपारी आमचे यंत्र एका युनिटात पाच युनिट उष्णता देते. पहाटे तेच यंत्र जेमतेम सव्वातीन देते, आणि एकूण उष्णताही वीस किलोवॉटऐवजी चौदावर येते. रात्री टँक जेवढे गमावत होता तेवढेच यंत्र भरत होते. चोवीसचा काटा एका जागी खिळला होता, त्याचे कारण हे.

मग कव्हर आले. निळसर, अर्धपारदर्शक, खालच्या अंगाला हवेचे बुडबुडे असलेले प्लास्टिक, जवळून पाहिले तर काचेच्या वस्तू ज्यात गुंडाळून येतात त्याचेच जाड भावंड. बुडबुड्यांची बाजू पाण्याकडे ठेवायची. पहिल्या दिवशी आम्ही ते उलटे टाकले होते, ही गोष्ट इथेच राहू द्या. संध्याकाळी पाचला मामा एका टोकाचे रूळ फिरवतात, मी दुसऱ्या टोकाची दोरी धरून चालत येते, आणि कव्हर पाण्यावर सरकत जाताना खाली अडकलेली हवा एकदम फसकन बाहेर पडते. सकाळी ते उचलताना खालच्या प्रत्येक बुडबुड्याच्या टोकाला थेंब लटकलेला असतो. रात्रभर उडून जायला निघालेले पाणी ते. प्लास्टिकला अडून पुन्हा टँकमध्ये पडते, आणि घेतलेली उष्णता बरीचशी तिथेच ठेवते. कव्हर घातले आणि धबधबा बंद ठेवला, की संध्याकाळी २७ असलेले पाणी सकाळी २६ असते. साऱ्या खटाटोपात सर्वांत कमी पैसे लागलेली वस्तू हीच, आणि ती मला कोणत्याही विकणाऱ्याने आपणहून सुचवली नव्हती.

कव्हरबाबत एक गोष्ट मी पाहुण्यांना कागदावर लिहून देते आणि शिवाय तोंडीही सांगते. अर्धवट उघडलेल्या कव्हरच्या टँकमध्ये कोणीही उतरायचे नाही. वरून ते सतरंजीसारखे भक्कम दिसते, पण त्यावर पाय पडला की ते माणसाभोवती गुंडाळले जाते, आणि खाली गेलेले मूल वरून दिसतही नाही. पूर्ण काढायचे, रुळावर गुंडाळायचे, मगच पाणी.

उन्हाची गोष्ट मात्र आम्हाला सर्वांत उशिरा दिसली, कारण ती डोळ्यांसमोर होती. टँकची जागा आम्ही मे महिन्यात ठरवली होती. कंत्राटदाराने चुन्याची फक्की टाकून आखणी केली तेव्हा दुपारच्या उन्हात कशाचीच सावली नव्हती. मेच्या शेवटच्या आठवड्यात, २६ तारखेच्या सुमारास, नागपुरात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच राहते. दक्षिणेच्या कुंपणाला शेजाऱ्यांची नजर अडावी म्हणून आम्ही अशोकाची रांग लावली, ती आठ मीटर वाढली. आता डिसेंबरअखेरीस नागपुरातला सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर येतो, म्हणजे झाडाची सावली झाडाएवढीच लांब पडते. झाडांपासून टँकची कड तीन मीटर, टँकची रुंदी पाच मीटर. बेरीज करून पाहा. वर्षात ज्या दिवसांत उन्हाची खरी गरज, त्याच दिवसांत आमचा टँक एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावलीत बुडालेला असे, अगदी मापून शिवल्यासारखा.

हिवाळ्यातही इथे दिवसाला चौरस मीटरमागे चार-साडेचार युनिट ऊन पडते. पन्नास चौरस मीटरवर ते दोनशे युनिटांच्या घरात जाते. आमचे यंत्र सकाळी दहा ते संध्याकाळी पाच चालले तर १४० युनिट देते. फुकट मिळणारे जास्त होते आणि आम्ही ते झाडांना देऊन टाकत होतो. अशोक छाटण्यावरून घरात चार दिवस अबोला होता. यजमानांचे म्हणणे, की मग पलीकडच्या गच्चीवरून सगळे दिसेल. ते दिसतेच, पलीकडच्या काकू आता गच्चीवर वडियांची वाळवणे घालताना आमच्या पाहुण्यांची संख्या मोजतात आणि फोनवर मला कळवतात. झाडे साडेतीन मीटरवर आणली, तशी दुपारची सावली टँकच्या काठाशी थबकली. कव्हरमधून ऊन आत जाते, म्हणून दिवसाही कोणी पोहत नसेल तेव्हा ते घातलेलेच राहते.

आता दिवसाकाठी यंत्राचे दोन अंश, उन्हाचा दीड अंश, रात्रीचा एक अंश वजा, असे धरून पाणी रोज अडीच अंश चढते. २० वरून २८ वर जायला तीन दिवस आणि वर थोडा वेळ लागतो. त्यामुळे आम्ही गरम पाणी हवे असल्यास तीन दिवस आधी सांगा, त्याचे वेगळे पैसे आधी भरा, असे लिहितो. हे लोकांना पटवणे यंत्र बसवण्याहून अवघड आहे. शुक्रवारी संध्याकाळी गाडीतून उतरता उतरता पाणी तापवायला सांगणारे पाहुणे दर आठवड्याला भेटतात. त्यांच्या मनात गिझर असतो. लाल दिवा लागला, पंधरा मिनिटे थांबलो, झाले. मी त्यांना सांगते, की तुमच्या बादलीत वीस लिटर पाणी असते आणि इथे तीन हजार बादल्या आहेत. काही जण हसतात. एकाने मग निम्म्याच बादल्या तापवा, अशी सूचना केली होती.

पाण्याची राखण मात्र ऊब आल्यावर वाढते. कोमट पाण्यात क्लोरीन लवकर संपते आणि शेवाळ लवकर धरते, त्यामुळे मामांची तपासणी आठवड्यातून दोनदाऐवजी रोज होऊ लागली. आमच्या बोअरचे पाणी जड. भांड्याला धरतो तसा पांढरा थर यंत्राच्या नळ्यांनाही धरतो, त्यावर लक्ष ठेवावे लागते.

सुटीला आलेल्या चार माणसांच्या हौसेसाठी एवढे पाणी तापवत बसावे का, हा प्रश्न माझी मुलगी प्रत्येक दिवाळीला विचारते, आणि तो विचारण्याचा तिला अधिकार आहे, कारण टँक तिच्याच हट्टातून झाला. माझे उत्तर दरवर्षी थोडे बदलते. नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात आम्ही सलग ऊब ठेवली नाही; मागणी असेल तेवढेच दिवस यंत्र, एरवी फक्त कव्हर आणि ऊन. नुसत्या कव्हरवरही पाणी जानेवारीत २३ अंशांच्या खाली फारसे गेले नाही. तेवढ्या पाण्यात दुपारी बारानंतर पोरे बिनतक्रार उतरतात, आणि मोठी माणसे काठावर हुरडा खात त्यांच्याकडे पाहतात.

फेब्रुवारीच्या शेवटी कव्हर काढून धुतले, सावलीत वाळवले आणि उंदीर लागू नयेत म्हणून माळ्यावर दोरीने टांगून ठेवले. एप्रिलमध्ये पहिल्या पाहुण्यांचा निरोप आला, की टँकमधले पाणी फार गरम आहे, अंगाला चिकटल्यासारखे वाटते, काही करता येईल का. मी मामांना फोन लावला. ते गावात कोणाच्या तरी कूलरला वाळ्याची नवी ताटी बसवत होते. संध्याकाळी आले, हात धुतले आणि धबधब्याचा खटका दाबून तो सकाळपर्यंत बंद करायचा नाही, असे पाहुण्यांना बजावून गेले.